काकांच्या वहीतला पासवर्ड

टेंभी नाक्याजवळच्या एका पतसंस्थेच्या डेटाबेसचा पासवर्ड निदान अकरा माणसांना माहीत होता. संस्थेचं नाव सांगत नाही. तुमच्या गल्लीतल्या पतसंस्थेची, क्लासची किंवा दवाखान्याची गोष्ट याहून फार वेगळी नसेल. या अकरांपैकी चार जण नोकरी सोडून गेले होते. दोघं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीतले होते आणि ती कंपनीच आता उरली नव्हती. एक प्रिंटर दुरुस्त करायला येणारा, एक माजी सचिव, दोघं शाखेतले कर्मचारी आणि अकरावे हिशेबनीस काका. पासवर्ड काय, तर संस्थेच्या नावाची आद्याक्षरं आणि पुढे स्थापनेचं वर्ष. दोन्ही गोष्टी दारावरच्या पाटीवर ठळक अक्षरांत रंगवलेल्या.

मी वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करते, राहते टेंभी नाक्यावरच. या पतसंस्थेचा सगळा कारभार क्लाउडवर नेऊन पुढे सांभाळायचं काम आमच्याकडे आलं, आणि घराजवळ म्हणून ते माझ्याकडे आलं. एरवी माझे क्लायंट स्क्रीनच्या पलीकडे असतात. इथे मात्र ज्यांचे पैसे त्या डेटाबेसमध्ये होते, ती माणसं मला रोज दिसायची.

पिग्मी म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: संस्थेचा एजंट रोज संध्याकाळी बाजारात फिरतो. जांभळी नाक्याच्या मंडईतली भाजीवाली, फुलवाला, चहाची टपरी, रिक्षावाले यांच्याकडून ५० रुपये, १०० रुपये असे गोळा करतो. फोनमधल्या अ‍ॅपवर नोंद करतो, कमरेच्या छोट्या प्रिंटरमधून पावती फाडून देतो. वर्षभराने ती रक्कम मुलाच्या फीला किंवा गावच्या घराच्या पत्र्याला लागते. बँकेत ठेव ठेवली तर ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्था सहकार कायद्याखाली चालतात, त्यांच्या ठेवींना ते संरक्षण नाही. मंडईतल्या मावशींना हे ठाऊक असतं असं नाही. त्यांना एजंट ठाऊक असतो आणि काका ठाऊक असतात.

म्हणजे पाटीवरच्या त्या पासवर्डच्या मागे जे होतं, ते बुडालं तर भरून देणारं वर कुणी नव्हतं.

*

जुना कोड हातात आला की मी आधी त्यात पासवर्ड शोधते. सवयच आहे. इथेही एका फाइलमध्ये सापडला, पण सरळ लिहिलेला नव्हता. अक्षरांची आणि आकड्यांची एक विचित्र माळ होती, शेवटी बरोबरची दोन चिन्हं. ज्याने पाहिलंय तो लगेच ओळखेल: बेस-६४.

बेस-६४ म्हणजे कुलूप नाही. ती फक्त लिपी बदलण्याची रीत आहे. कुठलाही मजकूर ठरावीक ६४ चिन्हांत मांडायचा, म्हणजे तो ईमेलमधून वगैरे न मोडता जातो. उलट करायला किल्ली लागत नाही, एक कमांड पुरते. तरीही कितीतरी ठिकाणी लोक पासवर्ड बेस-६४ मध्ये लिहितात आणि झाकला म्हणून समाधान मानतात. कुबरनेटिससारख्या मोठ्या प्रणालीतही ‘सीक्रेट’ नावाची जी चीज असते, ती वेगळी व्यवस्था केली नाही तर बेस-६४ मध्येच, एन्क्रिप्शनशिवाय साठवली जाते.

यावरून मला आमच्याच ठाण्यातली एक गोष्ट आठवते. टेंभी नाक्यापासून जवळच ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आहे. मुळात तो किल्ला. दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्र्यंबकजी डेंगळे याला गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या प्रकरणात इंग्रजांनी या किल्ल्यात कैद करून ठेवलं होतं. पहारा खास गोऱ्या शिपायांचा. हेतू हा, की देशी शिपाई त्याला सामील होतील, गोरे होणार नाहीत. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्र्यंबकजी पळाला. कसा, याची गोष्ट बिशप हेबरच्या प्रवासवर्णनातून पुढे सगळीकडे गेली. एका इंग्रज अधिकाऱ्याकडे घोड्यांच्या चाकरीला राहिलेला एक मराठा, त्र्यंबकजीच्या खिडकीखाली घोड्याला खरारा करताना मराठीत गाणी म्हणायचा. त्या गाण्यांतच सुटकेचा बेत होता. पहारेकरी रोज ऐकत होते आणि त्यांना एक शब्द कळत नव्हता.

गाणं लपवलेलं नव्हतं. ते उघड्यावर, मोठ्या आवाजात म्हटलं जात होतं. ऐकणाऱ्याला मराठी येत नाही, एवढ्यावर सगळं टिकून होतं. बेस-६४ मधला पासवर्ड असाच असतो. फरक इतकाच की आज ही भाषा जगातल्या प्रत्येक चोराला येते. आणि दुसरी बाजूही पाहा: पहारा विश्वासू हवा म्हणून जे गोरे शिपाई नेमले, त्यांच्या त्याच गोरेपणामुळे भोक पडलं. नियम करणाऱ्याने फितुरीचा विचार केला, भाषेचा केला नाही.

ऑगस्ट केर्कहॉफ्स नावाच्या भाषेच्या प्राध्यापकाने १८८३ मध्ये लष्करी गुप्तलेखनावर लिहिताना एक तत्त्व मांडलं. साध्या भाषेत ते असं: तुमची सगळी यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी चालली पाहिजे, गुप्त राहायला हवी फक्त किल्ली. कोडचंही तेच आहे. आपला कोड उद्या सगळ्या जगाला दिसणार आहे असं धरून चालायचं, आणि तो दिसला तरी बिघडू नये अशी व्यवस्था करायची.

आमच्या बाबतीत तो जगाला आधीच दिसत होता.

*

त्या बंद पडलेल्या कंपनीतल्या कुणा मुलाने नोकरी शोधताना आपलं काम दाखवायला म्हणून हा सगळा कोड गिटहबवर टाकला होता. उघड, सार्वजनिक, चौदा महिन्यांपासून. फाइल तीच, बेस-६४ ची माळ तीच, सोबत सर्व्हरचा पत्ता. वाईट हेतू मला दिसला नाही. त्याने प्रकल्पाचं छान वर्णनही लिहिलं होतं.

हे फक्त छोट्या संस्थांत होतं असं समजू नका. २०१६ मध्ये उबरच्या इंजिनियरांच्या खासगी गिटहब साठ्यात घुसलेल्या लोकांना तिथे क्लाउडची किल्ली मिळाली, आणि तिच्या आधारे त्यांनी ५ कोटी ७० लाख प्रवासी-चालकांची माहिती उचलली. कंपनीने वर्षभर ते दाबून ठेवलं. टोयोटाच्या टी-कनेक्ट सेवेच्या कोडचा एक भाग एका उपकंत्राटदाराने डिसेंबर २०१७ मध्ये चुकून सार्वजनिक केला. त्यात सर्व्हरची किल्ली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये ते लक्षात आलं तोवर २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते उघड्यावर होते. जवळजवळ पाच वर्षं.

अशा वेळी पहिला विचार येतो तो ती फाइल काढून टाकायचा. पण गिट काही विसरत नाही. प्रत्येक जुनी आवृत्ती इतिहासात राहते, आणि तोवर कुणी प्रत घेतली असेल तर तिच्यावर आपला हात पोचत नाही. बाहेर गेलेलं गुपित परत आत येत नाही. त्याचा उपयोग संपवायचा, म्हणजे पासवर्ड बदलायचा, हाच इलाज.

आणि तिथेच कळलं की इतकी वर्षं तो कुणी का बदलला नव्हता. तो सहा ठिकाणी लिहिलेला होता: एजंटांच्या फोनमधल्या अ‍ॅपमध्ये, शाखेतल्या कॉम्प्युटरवर, रात्रीच्या अहवालात, एसएमएस पाठवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, बॅकअपमध्ये आणि एका एक्सेल फाइलमध्ये. एका जागी बदलला की बाकीच्या पाच बंद. जो पासवर्ड बदलायची भीती वाटते, तो बाहेर फुटला तरी आपण त्याच्याशी बांधलेले राहतो.

संचालक मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला, पंधरा मिनिटांत होकार मिळाला, पासवर्ड बदलला. अ‍ॅप बंद पडलं. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. तेही केलं. संध्याकाळी एजंट शाखेत जमले तेव्हा काकांनी कपाट उघडून जुनी पावती पुस्तकं काढली, कार्बन पेपर काढले, आणि प्रत्येकाला एकेक पुस्तक सही घेऊन दिलं. त्या दिवशीची पिग्मी कागदावर गोळा झाली. मंडईत कुणाला काही कळलंही नाही.

मग खरा प्रश्न. चौदा महिन्यांत कुणी आत येऊन काही केलं होतं का? जुन्या सर्व्हरवर कोण आलं, कोण गेलं याची नोंदच नव्हती. कॉम्प्युटरकडून उत्तर मिळणार नव्हतं. ते काकांकडून मिळालं. सॉफ्टवेअर आल्यावरही त्यांनी रोजकीर्द हाताने लिहिणं सोडलं नव्हतं. प्रत्येक एजंटची रोजची रक्कम, त्याची सही, खाली त्यांची सही. शाखेतले तरुण यावर हसायचे. आम्ही नऊ संध्याकाळी बसलो. मी डेटाबेसमधून दिवसवार, एजंटवार बेरजा काढायचे आणि वाचायचे, काका रोजकीर्दीवर बोट ठेवून “बरोबर” म्हणायचे. सात एजंट, चौदा महिने. दोन ठिकाणी फरक आला, आणि दोन्ही ठिकाणी काकांच्या लाल शाईत कारण लिहिलेलं होतं.

पैसे हलले नव्हते. पण नावं, फोन नंबर, पत्ते कुणी वाचून नेले नाहीत असं मी आजही म्हणू शकत नाही. वाचलं तर रोजकीर्दीत फरक पडत नाही. मंडळाला दिलेल्या पत्रात आम्ही हे असंच लिहिलं.

*

आता नवी व्यवस्था. ज्यांना कोडशी देणंघेणं नाही त्यांनीही हा भाग वाचावा, कारण कल्पना सोपी आहे.

जुनी पद्धत अशी, की कोडच्या पोटातच पासवर्ड. नवी पद्धत अशी, की कोडला पासवर्ड माहीत नसतो. कुठे मागायचा, एवढंच त्याला माहीत असतं. क्लाउडमध्ये यासाठी वेगळी सेवा असते. आम्ही अ‍ॅमेझॉनची सीक्रेट्स मॅनेजर वापरली, ती २०१८ मध्ये आली. मायक्रोसॉफ्टची की व्हॉल्ट आहे, गुगलची सीक्रेट मॅनेजर आहे, स्वतः चालवायची तर हॅशिकॉर्पची व्हॉल्ट आहे. अ‍ॅमेझॉनचं मुंबईतलं केंद्र २०१६ पासून सुरू आहे, त्यामुळे आमची गुपितं राज्याबाहेर गेली नाहीत.

प्रोग्राम सुरू झाला की तो या सेवेला विचारतो: अमुक नावाच्या गुपिताचं मूल्य दे. सेवा आधी पाहते, विचारणारा कोण? इथे गंमत आहे. पासवर्ड मागायला दुसरा पासवर्ड लागला तर आपण तिथेच गोल फिरत राहू. म्हणून क्लाउडमधल्या सर्व्हरला एक ‘रोल’, म्हणजे भूमिका दिलेली असते. त्या भूमिकेची थोड्या वेळापुरती ओळखपत्रं क्लाउड स्वतःच देतो आणि बदलत राहतो. ती कुठे लिहून ठेवावी लागत नाहीत. भूमिकेला काय परवानगी आहे हे एका धोरणात लिहिलेलं असतं. एसएमएसच्या स्क्रिप्टला फक्त एसएमएसची किल्ली, अहवालाला फक्त वाचण्यापुरता डेटाबेस. शेजाऱ्याची किल्ली मागितली तर नकार.

साठवतानाही गुपित उघडं नसतं. एक किल्ली त्या मजकुराला कुलूप लावते, आणि ती किल्ली दुसऱ्या किल्लीच्या कुलपात ठेवलेली असते. ही दुसरी किल्ली सेवेच्या बाहेर कधीच येत नाही. आजीच्या घरी कपाटाची किल्ली डब्यात, डबा पेटीत आणि पेटीची किल्ली आजीच्या कमरेला असायची, तसंच.

एजंटांच्या फोनचं काय? फोनमध्ये गुपित ठेवायचंच नाही. अ‍ॅप कितीही बांधून दिलं तरी ते उघडून आतलं वाचता येतं. आता अ‍ॅप डेटाबेसशी बोलत नाही, आमच्या सर्व्हरशी बोलतं. एजंट स्वतःच्या नावाने आत येतो, त्याला त्या दिवसापुरता परवाना मिळतो. फोन हरवला तर एका एजंटचा परवाना रद्द होतो, संस्था बंद पडत नाही.

ही सगळी मांडणीही कोडमध्येच लिहिली. कोणती गुपितं आहेत, कोणाला परवानगी, किती दिवसांनी बदलायची. टेराफॉर्म नावाचं साधन आहे, त्यात हे लिहिता येतं. एक धोका मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. गुपिताचं मूल्यही साध्या पद्धतीने टेराफॉर्ममध्ये दिलंत, तर ते त्याच्या स्टेट फाइलमध्ये उघड्या मजकुरात जाऊन बसतं. म्हणजे पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं उघडं. कोडमध्ये रिकामी पेटी लिहायची, आत काय ठेवायचं हे तिथे लिहायचं नाही.

मग पेटीत मूल्य घालणार कोण? आमच्याकडे ते कुणीच घालत नाही. दर ३० दिवसांनी, रात्री दोन वाजता, एक छोटं फंक्शन जागं होतं. त्याचे चार टप्पे असतात. नवा, कुणाला न सुचणारा पासवर्ड तयार करायचा. तो डेटाबेसमध्ये लावायचा. त्याने आत जाऊन पाहायचं. जमलं तरच तो ‘चालू’ म्हणून जाहीर करायचा. तोवर त्याच्यावर ‘होऊ घातलेला’ अशी चिठ्ठी असते, आणि जुन्यावर नंतर ‘मागचा’ अशी. तिसऱ्या टप्प्यावर अडकलं तर ‘चालू’ची चिठ्ठी हलत नाही. त्यातही डेटाबेसचे दोन वापरकर्ते ठेवले आहेत. एका महिन्यात एकाचा पासवर्ड बदलतो, पुढच्या महिन्यात दुसऱ्याचा. त्यामुळे कुणी जुना घेऊन काम करत असेल तर त्याचं काम मध्येच तुटत नाही.

हे सगळं नवरात्राच्या आत उभं करायचं होतं. आनंद दिघ्यांनी सुरू केलेल्या टेंभी नाक्याच्या नवरात्रोत्सवात इथे पाय ठेवायला जागा नसते, आणि फुलवाल्यांची पिग्मी त्याच दिवसांत वाढते. घटस्थापनेआधी आठ दिवस नवी व्यवस्था सुरू झाली. संचालक मंडळाने खर्च विचारला. एका गुपिताला महिन्याला ४० सेंट, शिवाय दर १०,000 विचारणांना ५ सेंट. आमची गुपितं नऊ. महिन्याचे तीनशे-सव्वातीनशे रुपये. “एका बैठकीच्या वड्यांचे जास्त होतात,” असं अध्यक्ष म्हणाले आणि ठराव झाला.

*

अवघड भाग यानंतर आला. काका.

एकतीस वर्षं ते या संस्थेत होते. कापडी पुठ्ठ्याच्या एका वहीत त्यांनी संस्थेची सगळी गुपितं लिहिलेली होती: डेटाबेस, ईमेल, लाइट बिलाचं खातं, आयकराचं लॉगिन. वही टेबलाच्या खालच्या खणात, खणाची किल्ली जानव्याला. कुणाला काही अडलं की “काका, जरा सांगता का,” आणि काका चष्मा लावून, पान हाताने झाकून, एकेक अक्षर सांगायचे.

“म्हणजे आता मला नवा पासवर्ड सांगणार नाहीस?” त्यांनी विचारलं.

“कुणालाच नाही काका. मलाही माहीत नाही.”

“मग आहे कुणाला?”

“कुणालाच नाही.”

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “एकतीस वर्षांत या वहीचं पान कुणाला दिसलेलं नाही. हे तुला माहीत असावं म्हणून सांगतोय.”

ते खरं होतं. गुपित फुटलं होतं ते काकांच्या वहीतून नाही, एका इंजिनियरच्या कोडमधून. आणि शिक्षा झाल्यासारखं वाटत होतं ते काकांना. ज्या माणसाच्या रोजकीर्दीने संस्थेला वाचवलं, त्याच्याच हातून किल्ली काढून घेणारी मी होते. तंत्रज्ञानाच्या पुस्तकांत याला ‘किमान अधिकाराचं तत्त्व’ म्हणतात: ज्याला जेवढं लागतं तेवढंच द्यावं. पुस्तकात ते वाचायला छान वाटतं. समोर बसलेल्या माणसाला ते ‘आमचा तुमच्यावर विश्वास नाही’ असं ऐकू येतं.

मी त्यांना पटवायला काहीतरी सांगत होते, ऑडिट, नियम, वगैरे. त्यांनी मला थांबवलं आणि एक जुनी गोष्ट सांगितली. संस्था लहान असताना एकदा रोकड चार हजारांनी कमी भरली. खणाची किल्ली एकट्या काकांकडे. आठ दिवसांनी नोटांचं बंडल खणाच्या मागच्या फटीत सापडलं. “पण ते आठ दिवस कुणी माझ्याशी धड बोललं नाही. चोर कुणी म्हणालं नाही हो, पण चहा विचारायचे थांबले होते. किल्ली माझ्याकडे होती ना.” त्यानंतर दोन किल्ल्यांची तिजोरी घ्या असा अर्ज काकांनी स्वतः दिला होता. एक किल्ली व्यवस्थापकाकडे, एक त्यांच्याकडे.

“दोन किल्ल्या चोरासाठी नसतात गं,” ते म्हणाले. “किल्लीवाल्यासाठी असतात.”

मला जे सांगायचं होतं ते त्यांनीच सांगून टाकलं होतं. ज्याच्याकडे गुपित, संशयही त्याच्याकडेच जातो. उद्या काही झालं तर वहीवाल्याकडे पहिलं बोट जाईल, आणि ‘मी पाहिलं नाही’ हे वही सिद्ध करू शकत नाही. नव्या व्यवस्थेत प्रत्येक वेळी गुपित कुणी मागितलं, कधी, कुठून, याची नोंद होते. गुपित काय होतं हे नोंदीत येत नाही, ते मागणारा येतो. क्लाउडट्रेल नावाची सेवा हे करते. आपोआप मिळणारी नोंद ९० दिवसांचीच असते, आणि सर्ट-इनला १८० दिवसांची लागते, म्हणून ती वेगळी साठवायची सोय केली. मी काकांना एका महिन्याच्या नोंदी छापून दाखवल्या. तारीख, वेळ, कोण. त्यांनी बोट ठेवून वाचल्या आणि म्हणाले, “ही रोजकीर्दच की.”

मग त्यांनी हिशेबनिसाचा प्रश्न विचारला. “तुला माहीत नाही म्हणालीस. पण तुला काढता येणार नाही का?”

येईल. खरं उत्तर तेच आहे. ज्याच्याकडे क्लाउडचं प्रशासन आहे तो परवानगीचं धोरण बदलू शकतो. पण ते गुपचूप करता येत नाही. धोरण बदललं तरी नोंद होते, आणि त्याच क्षणी अध्यक्षांना आणि काकांना मेसेज जातो. कुणीच काही करू शकणार नाही अशी व्यवस्था मला बांधता आली नाही आणि ती असते असंही मला वाटत नाही. एकट्याने आणि न कळता करता येणार नाही, इथवर ती नेता येते.

*

सगळ्यात वरचं एक गुपित मात्र उरतंच. क्लाउडच्या मूळ खात्याचं. बाकी सगळी गुपितं ज्या पेटीत आहेत, त्या पेटीचं. ते कुठल्याही सेवेत ठेवता येत नाही, कारण सेवाच त्याच्या आत आहे. मी उद्या नोकरी सोडली, आमची कंपनी बंद पडली, तरी पतसंस्थेला आपल्या घरात शिरता आलं पाहिजे. त्या मागच्या कंपनीने बंद होताना जे केलं ते पुन्हा होऊ नये.

यावर इतक्या वर्षांत कुणाला फार वेगळं उत्तर सापडलेलं नाही. कागदावर लिहायचं, लिफाफ्यात घालायचं, लिफाफा तिजोरीत ठेवायचा. आमचा लिफाफा जवळच्याच एका बँकेच्या लॉकरमध्ये आहे. लॉकर उघडायला बँकेची एक किल्ली आणि आपली एक, अशा दोन लागतात. आपल्या बाजूनेही अध्यक्ष आणि हिशेबनीस अशा दोघांच्या सह्या लागतील असं लिहून दिलं. मूळ खात्याला पासवर्डशिवाय एक छोटं यंत्र लागतं, बोटाएवढं. ते त्या लॉकरमध्ये नाही, संस्थेच्या तिजोरीत आहे.

लिफाफा बंद करायला मी टेप आणली होती. काकांनी ती बाजूला ठेवली आणि खणातून लाखेची कांडी आणि संस्थेचा पितळी शिक्का काढला. चार ठिकाणी लाख लावली. टेप काढून पुन्हा लावता येते, मोडलेली लाख जुळत नाही, हे त्यांनी सांगितलं. शिक्कामोर्तब हा शब्द आपण आता फक्त बातम्यांत वाचतो. जुन्या पत्रांवर वर शिक्का असायचा आणि मजकूर संपला की शेवटी मोर्तब, म्हणजे खाली कुणी एक ओळही वाढवू शकत नसे. पत्र कुणाचं हे एकाने सांगायचं आणि ते कुठे संपलं हे दुसऱ्याने.

दर सहा महिन्यांनी लॉकर उघडून लाख शाबूत आहे का ते पाहायचं असं ठरलं. पाहिलं की लॉकरच्या नोंदवहीत तारीख आणि दोन सह्या. ही वही काकांनी स्वतः आखून दिली.

मार्चमध्ये काका निवृत्त झाले. जुन्या पद्धतीत अशा वेळी नऊ ठिकाणचे पासवर्ड बदलावे लागले असते, आणि कुणीतरी ते ‘तुमच्यावर विश्वास आहेच हो, पण’ असं म्हणत बदलले असते. किंवा बदललेच नसते आणि काका त्या अकरा जणांतले एक म्हणून राहिले असते. तसं काही करावं लागलं नाही. त्यांच्याकडे कुठलंच गुपित नव्हतं. लॉकरच्या सह्यांमधलं त्यांचं नाव काढून नव्या हिशेबनीस बाईंचं घातलं, एवढंच काम होतं, अर्ध्या तासाचं. कापडी पुठ्ठ्याची वही त्यांनी आदल्या दिवशी स्वतःच माझ्यासमोर ठेवली. प्रत्येक पासवर्डावर एक तिरपी रेघ, बाजूला ‘बाद’, तारीख आणि सही. ती आता रोजकीर्दींच्या कपाटात आहे, उघड्या फळीवर.